शिंगं डोक्यावर, गोष्ट पोटाची

या महिन्यात अख्खं सदर एकाच प्राण्याने खाल्लंय. मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले की टेक्ससमध्ये एक शिंगवाला सरडा असतो आणि तो डोळ्यातून रक्त उडवतो, बास, एवढंच, आणि त्यावर इतके प्रश्न आले की बाकीची पत्रं (आंब्यावरचा तुडतुडा, घरातल्या पाली वगैरे) पुढच्या अंकात ढकलावी लागली. त्यांनी राग मानू नये, पाली कुठे पळून जात नाहीयेत.

प्रश्न : ताई, मी रिटायर्ड बँकवाला, पुण्याचा. मुलाकडे टेक्ससला गेलो होतो तेव्हा त्याच्या ओळखीच्या एका रँचवर मुंग्यांच्या बिळापाशी तळहाताएवढा, चपटा, काटेरी प्राणी बघितला. रँचवाला म्हणाला हॉर्नी टोड, म्हणजे बेडूकच की. तिथला मेक्सिकन कामगार म्हणाला कामालेओन. नातू म्हणतो हॉर्न्ड फ्रॉग, त्याच्या टी-शर्टवर पण तेच आहे. बायको म्हणाली हा सरडाच, नखं बघा ना. खरं काय?

काका, आधी काकूंना माझा नमस्कार सांगा, चौघांमध्ये बरोबर त्याच आहेत आणि कारणही त्यांनी अगदी नेमकं पकडलंय. बेडकाची कातडी ओलसर, खवले नाहीत, बोटांना नखं नाहीत, अंडी पाण्यात आणि त्यातून शेपटीवालं पिल्लू. तुम्ही पाहिलेल्या प्राण्याचं सगळं उलटं आहे. कोरडी खवल्यांची कातडी, पाचही बोटांना नखं, अंडी मातीत पुरलेली आणि त्यातून बाहेर येतं ते आईबापाची छोटी झेरॉक्स कॉपीच.

पण बेडूक म्हणणाऱ्यांना फार हसू नका, कारण शास्त्रज्ञांनी पण तेच केलंय. याचं शास्त्रीय नाव फ्रायनोसोमा कॉर्नुटम. त्यातला फ्रायनोस म्हणजे ग्रीकमध्ये भेक, म्हणजे टोड, सोमा म्हणजे शरीर, आणि कॉर्नुटम म्हणजे लॅटिनमध्ये शिंगं असलेला. थोडक्यात 'भेकाच्या अंगाचा, शिंगवाला'. १८२५ साली फिलाडेल्फियाच्या रिचर्ड हार्लन नावाच्या डॉक्टरने याचं पहिलं वर्णन छापलं तेव्हा नाव ठेवलं होतं अगामा कॉर्नुटा, म्हणजे त्याने याला सरळ जुन्या जगातल्या (म्हणजे आशिया-आफ्रिका-युरोपातल्या) सरड्यांच्या, आपल्याकडच्या सरड्यांच्याच खात्यात टाकलं. तीन वर्षांनी, १८२८ मध्ये, जर्मनीच्या वीगमनने यांच्यासाठी फ्रायनोसोमा ही वेगळी प्रजाती काढली. (इथे एक तक्रार करून घेते. मराठीत प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज, पण पेपरवाले सर्रास जातीला प्रजाती म्हणतात आणि मग मला दर महिन्याला हे परत लिहावं लागतं.)

मग त्याचं कूळ कुठलं, तर बरीच वर्षं याला इग्वानाच्या भल्यामोठ्या कुळात कोंबलेलं होतं. ते कूळ इतकं अवाढव्य होतं की त्यात काहीही बसायचं, आणि १८८९ नाही, अगदी १९८९ उजाडावं लागलं तेव्हा फ्रॉस्ट आणि एथरिज या दोघांनी त्याचे आठ तुकडे केले आणि त्यातलं एक झालं फ्रायनोसोमॅटिडी. त्यात हे शिंगवाले आणि त्यांच्या जोडीला अमेरिकेत कुंपणांवर बसणारे फेन्स लिझर्ड, वाळूत पळणारे सरडे वगैरे येतात. म्हणजे सरड्याची धाव कुंपणापर्यंत हे तिकडेही खरंच आहे, फक्त आपल्या या शिंगवाल्या साहेबांची धाव तेवढीही नाही, ते पुढे येईलच.

आता कामालेओन. मेक्सिकोत याला स्पॅनिशमध्ये तसं म्हणतात खरं, पण खरा शॅमेलिऑन, आपल्याकडे जुनी माणसं ज्याला सरडगुहिरा म्हणतात तो, वेगळ्याच कुळातला आहे. आणि गंमत अशी की आपला बागेतला साधा सरडा हा शॅमेलिऑनचा जवळचा नातेवाईक आहे, आणि हा टेक्ससवाला दोघांचाही लांबचा. हे कळतं दातांवरून. आपल्या सरड्याचे आणि शॅमेलिऑनचे दात जबड्याच्या हाडाच्या वरच्या काठावर चिकटलेले असतात, आणि इग्वानाच्या बाजूच्या मंडळींचे, त्यात हा पण आला, हाडाच्या आतल्या बाजूला टेकलेले. वरून कितीही सारखे दिसू देत, तोंड उघडलं की घराणं कळतं.

आणि नातवाच्या टी-शर्टचं म्हणाल तर फोर्ट वर्थच्या टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीच्या टीमचं नावच हॉर्न्ड फ्रॉग्ज आहे, त्यामुळे टी-शर्ट बरोबर आणि प्राणिशास्त्र चूक असा तो मामला. १९९३ पासून हा टेक्ससचा राज्य सरीसृप आहे, तिथे मात्र त्यांनी लिझर्ड असंच लिहिलंय.

तुम्ही बघितलेला नक्की हाच का, कारण या प्रजातीत वीसच्या आसपास जाती आहेत? तर फोटो असेल तर एवढं बघा : डोक्याच्या मागे मधोमध दोन लांब शिंगं, बाकीची बाजूला लहान. डोळ्यापासून खाली तोंडाकडे जाणारे गडद पट्टे. पाठीच्या मधून एक फिकट रेघ. आणि पोटाच्या कडेने झालरीसारखे टोकदार खवले, त्याच्या एक नाही तर दोन ओळी. आकार म्हणाल तर नाकापासून शेपटी सुरू होईपर्यंत साधारण ७ सेंमी, मोठ्यात मोठी मादी ११ सेंमीच्या थोडी वर जाते, नर त्यापेक्षा लहान. यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात जास्त पसरलेल्या जातींपैकी हा एक.

प्रश्न : मी साताऱ्याची. आमच्या चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे दिसतात. त्यांचं आणि या शिंगवाल्याचं काही नातं?

लांबचं. म्हणजे दोघेही सरडे, दोघेही खवलेवाल्या सरीसृपांच्या गणातले, पण वर दातांचं सांगितलं तसं तुमचा आपल्या बाजूचा, अगामिडी कुळातला, हा पलीकडचा. पण तुमचा सरडा मला जास्त आवडतो, खरं सांगू का. २०१६ साली भारतीय शास्त्रज्ञांनी या पंखावाल्यांचा नीट अभ्यास करून एक नवीन प्रजाती काढली आणि तिचं नाव ठेवलं 'सरडा'. हो, आपला मराठी शब्द, जसाच्या तसा, आणि तुमच्या पठारावरचा तो सरडा सुपर्बा. निळा, काळा, केशरी असा गळा फुगवून नर दगडावर उभा राहतो तेव्हा सुपर्बा कशाला म्हणतात ते कळतं.

आणि शिंगांवरून नातं लावू नका हं. श्रीलंकेत नाकावर शिंग असलेले सरडे आहेत, ते तुमच्या सरड्याच्याच कुळातले, टेक्ससशी संबंध शून्य. ऑस्ट्रेलियात थॉर्नी डेव्हिल म्हणून एक आहे, अंगभर काटे, मुंग्यांवरच जगतो, अंगावर पडलेलं पाणी खवल्यांमधल्या बारीक खाचांमधून तोंडापर्यंत ओढून पितो, आणि आपला टेक्ससवाला पण अगदी हेच करतो, पाऊस आला की पाय ताणून पाठ कमानीसारखी करतो, डोकं खाली घालतो आणि जबडा हलवत बसतो, पाणी आपोआप तोंडाशी येतं. दोघांना शेजारी ठेवलं तर सख्खे भाऊ वाटतील. पण डेव्हिल अगामिडी आणि हा फ्रायनोसोमॅटिडी. सारखं वाळवंट आणि सारखं जेवण मिळालं की सारखं अंग तयार होतं.

प्रश्न : फक्त मुंग्या खाऊन एवढा प्राणी जगतो कसा? आणि मुंग्या चावत नाहीत का त्याला?

हा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न, कारण माझ्या मते या प्राण्याचं सगळं कोडं शिंगात नाहीच, पोटात आहे.

टेक्ससवाल्याच्या जेवणात साधारण ६९ टक्के एकाच प्रकारच्या मुंग्या असतात, पोगोनोमिरमेक्स नावाच्या, दाणे गोळा करून बिळात साठवणाऱ्या. आपल्याकडे पण माळावर अशा दाणेवाल्या मुंग्या असतात, बिळाभोवती कोंड्याचं गोल कडं करतात, पण यांच्या मुंग्या मोठ्या आणि भयंकर विषारी. मुंगीचं अंग म्हणजे अर्धं नुसतं टरफल, पचत नाही, त्यामुळे पोट भरायचं तर दिवसाला सत्तर-शंभर मुंग्या गिळायला लागतात. आता एवढा माल ठेवायचा कुठे? तर जठर मोठं पाहिजे. याच्याच एका वाळवंटी भावाचं, प्लॅटिराइनॉस जातीचं, जठर मोजलं तेव्हा ते शरीराच्या वजनाच्या १३ टक्के निघालं, बाकीच्या सरड्यांपेक्षा कितीतरी जास्त.

आणि जठर मोठं म्हणजे अंग परातीसारखं पसरट, अंग पसरट म्हणजे पळता येत नाही, पळता येत नाही म्हणजे शत्रू आला तर दुसरं काहीतरी पाहिजे, म्हणून मातीसारखा रंग, म्हणून काटे, म्हणून शिंगं, म्हणून ते रक्त. १९७५ मध्ये पियांका आणि पार्कर या दोघांनी ही साखळी मांडली आणि मला ती वाचल्यापासून हा प्राणी वेगळाच दिसायला लागला. शिवाय मुंग्या एकेक करून उन्हात बसून टिपायच्या, तासन् तास उघड्यावर, म्हणजे शत्रूला दिसल्यावर दर वेळी दचकून पळाला तर उपाशीच मरेल. त्यापेक्षा ढिम्म बसून राहायचं. आपला बागेतला सरडा बघा, पाऊल वाजलं की कुंपणावर. हा नाही. जमिनीला चिकटून बसतो, चपटा होतो म्हणजे सावली पण पडत नाही.

आता चावण्याचं. या मुंग्यांचं विष कीटकांमधल्या सगळ्यात जहाल विषांपैकी आहे, माणसाला एक डंख बसला तर कित्येक तास ठणकत राहतं. पण १९८९ मध्ये एक प्रयोग झाला त्यात दिसलं की हा सरडा त्या विषाला उंदराच्या हजारपटीपेक्षा जास्त पचवतो, आणि ती ताकद त्याच्या रक्तातल्या द्रवात आहे. शिवाय दुसरी युक्ती. तो मुंगी चावत बसत नाही. जीभ बाहेर, मुंगी आत, आणि घशात चिकट शेंबडासारखा पदार्थ सुटतो त्यात मुंगी गुंडाळली जाते, नांगी उगारायच्या आधी तिचं पार्सल पोटात. जेवताना वाचत असाल तर सॉरी.

प्रश्न : मी सातवीत आहे. डोळ्यातून रक्त येतं हे खरंच का? की एआयचा व्हिडिओ आहे? आणि त्याला दुखतं का?

खरंच येतं. एआय नव्हतं, कॅमेरा नव्हता, तेव्हापासून माहीत आहे. स्पेनच्या राजाने, दुसऱ्या फिलिपने, आपला डॉक्टर फ्रान्सिस्को हर्नांदेस याला १५७० च्या दशकात मेक्सिकोला पाठवलं होतं तिथली झाडं-प्राणी लिहून काढायला, त्याने हे रक्त उडवणं लिहून ठेवलंय. पुढे या प्रजातीतल्या एका जातीला त्याचंच नाव दिलं, फ्रायनोसोमा हर्नांदेसी. (ही जात अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, टेक्ससवाला अंडी घालतो. एकाच प्रजातीत दोन्ही प्रकार, परीक्षेत कोणी विचारलं तर भाव खा.)

होतं कसं, तर डोक्यातून रक्त परत नेणाऱ्या शिरांभोवतीचे स्नायू तो आवळतो. पाण्याच्या पाइपवर पाय दिल्यासारखं. रक्त येतंय पण जात नाहीये, त्यामुळे डोळ्याभोवतीच्या पोकळ्या भरतात, पापण्या सुजतात, दाब वाढतो आणि पापणीच्या कडेशी असलेलं पातळ पटल फुटून बारीक धार उडते, चार-पाच फुटांपर्यंत. बुबुळातून नाही, हे लक्षात ठेव, पापणीच्या कडेतून. ती जागा लगेच मिटते आणि लागलं तर तो परत उडवतो. दुखतं का ते त्यालाच ठाऊक, पण डोळा शाबूत असतो.

आणि आता खरी गंमत. तो हे कोणावरही करत नाही. कुत्रा, कोल्हा, कायोटी म्हणजे तिकडचा लांडग्याचा छोटा भाऊ, असे कुत्र्याच्या कुळातले असले तरच शक्यतो. रक्त त्यांच्या तोंडात गेलं की ते डोकं झटकतात, तोंड जमिनीवर घासतात, चव इतकी घाण लागते त्यांना. माणसाने हातात धरलं तर बऱ्याचदा काहीच करत नाही. रोडरनर नावाचा पक्षी आला तर अंग फुगवून आणि पसरून 'गिळून दाखव' असा उभा राहतो. सापांमध्ये पण निवड आहे : रॅटलस्नेक दिसला तर पळतो, कारण तो जाड, दबा धरणारा साप मागे लागत नाही, पण चपळ व्हिपस्नेक आला तर पळून उपयोग नाही म्हणून जागेवर थांबतो आणि पाठ ढालीसारखी तिरकी करून दाखवतो. एवढ्याशा डोक्यात हे सगळं आहे.

सगळ्या जातींना रक्ताची ही कला येते असं पण नाही. मोडेस्टम नावाची एक लहान, गोल शेपटीची जात आहे, ती रक्ताच्या भानगडीत पडत नाही, ती सरळ दगड होते. पाठ कुबडी करून खडीमध्ये बसली की तुझ्या पायाशी असली तरी दिसणार नाही.

प्रश्न : मग शिंगांचा काही उपयोग आहे की नुसती शोभा? आमच्या जत्रेतल्या बैलांना निदान रंगवतात तरी.

उपयोग आहे, आणि याचा पुरावा एका खाटकाने दिलाय. म्हणजे खाटीक पक्ष्याने. आपल्याकडे बाभळीच्या काट्याला टोळ नाहीतर सरड्याचं पिल्लू लटकवलेलं दिसतं ना, तोच पक्षी, त्याचा अमेरिकन भाऊ शिंगवाल्या सरड्यांना पण असंच टांगतो, काट्यांवर नाहीतर तारेच्या कुंपणावर. २००४ मध्ये यंग आणि ब्रॉडी मंडळींनी साधी युक्ती केली, टांगलेल्या सरड्यांच्या कवट्यांवरची शिंगं मोजली आणि त्याच भागातल्या जिवंत सरड्यांची मोजली. जिवंतांची शिंगं साधारण १० टक्के लांब निघाली. म्हणजे आखूड शिंगवाले आधी खाटकाच्या तावडीत सापडत होते. हे काम मॅक्कॅली नावाच्या चपट्या शेपटीच्या जातीवर झालं, टेक्ससवाल्यावर नाही. टेक्ससवाल्याची मागची शिंगं पण नुसते वाढलेले खवले नाहीत, आतून कवटीचं हाड आहे.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर आलंय की असा एक सरडा भिंतीत ३१ वर्षं जिवंत राहिला. काय म्हणाल?

घटना झाली, पण मी विश्वास ठेवणार नाही. टेक्ससमधल्या ईस्टलंड गावात १८९७ साली कोर्टाच्या कोनशिलेत एक जिवंत सरडा ठेवला गेला असं सांगतात, १९२८ च्या फेब्रुवारीत इमारत पाडताना गर्दीसमोर ती उघडली आणि आतून सरडा काढला, तो हलला. ओल्ड रिप नाव पडलं, राष्ट्राध्यक्ष कूलिजना भेटवून आणला, १९२९ च्या जानेवारीत मेला, आणि आजही गावच्या कोर्टात काचेत ठेवलाय. हा प्राणी थंडीत काही महिने मातीत झोपतो हे खरं, पण काही महिने म्हणजे ३१ वर्षं नव्हेत. माझं मत विचाराल तर त्या दिवशी गर्दीत कोणाच्या तरी खिशात मुंग्या नक्की सापडल्या असत्या.

प्रश्न : पाळता येतो का? एका पेट शॉपवाल्याने 'मागवून देतो' म्हणून सांगितलंय.

नाही, आणि त्या शॉपवाल्याकडे परत जाऊ नका. २०२२ मध्ये पनामाला सायटिसची (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिषद झाली त्यात फ्रायनोसोमाची सगळी प्रजातीच व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत घातलीये. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तुम्ही त्याला रोज शंभर विशिष्ट मुंग्या कुठून आणणार? टेक्ससमध्ये पूर्वी हे रस्त्याच्या कडेला टुरिस्टना विकायचे, पोरं शूबॉक्समध्ये घालून घरी न्यायची, आणि बहुतेक उपासमारीने मरायचे. १९६७ मध्ये तिथे पकडायला बंदी आली, १९७७ मध्ये 'धोक्यात' म्हणून नोंद झाली.

तरी कमी होतच गेले. एक तर शेती आणि घरं. दुसरं म्हणजे दक्षिण अमेरिकेतून १९३० च्या दशकात जहाजातून अलाबामाच्या मोबील बंदरात उतरलेल्या लाल फायर अँट्स. त्या पसरत टेक्ससमध्ये आल्या, दाणेवाल्या मुंग्यांना हुसकावलं, आणि सरड्याच्या अंड्या-पिल्लांवर पण ताव मारला. या फायर अँट्स तो जेवण म्हणून चालवून घेत नाही. तिसरं, लोकांनी फायर अँट्स माराव्यात म्हणून औषध टाकलं आणि मेल्या दाणेवाल्या पण. जेवणाचा डबा एकाच कंपनीचा लावला की असं होतं. आता फोर्ट वर्थ, सॅन अँटोनियो, डॅलसची प्राणिसंग्रहालयं पिल्लं वाढवून परत रानात सोडतायत.

पुण्याच्या काकांचाच परत मेल : डिसेंबरात परत जातोय. पुन्हा दिसेल का?

डिसेंबरात नाही काका, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल तो मातीखाली असतो. तिकीट मे-जूनचं काढा. सकाळी ऊन जरा तापल्यावर आणि संध्याकाळच्या आधी, पश्चिम किंवा दक्षिण टेक्ससमध्ये, जिथे मोकळी माती आणि तुटक गवत आहे तिथे. आधी सरडा शोधू नका, मुंग्यांचं बीळ शोधा, भोवती गवत साफ केलेलं गोल टक्कल दिसेल, त्याच्या कडेला उभे राहा आणि मुंग्यांच्या रांगेवर नजर ठेवत चाला. काकूंना पुढे ठेवा, त्यांची नजर चांगली आहे. उचलू नका, फोटो काढा, त्यात झालरीच्या दोन ओळी दिसतायत का बघा आणि मला पाठवा. आणि बूट घाला, बिळावर उभं राहायचं नाही.